ओळखीच्या गावात नियम कशाला?

एप्रिल संपत आलेला. प्रात्यक्षिक परीक्षा आटपून बाहेरगावचे परीक्षक चहा घेत बसले होते, आणि प्रयोगशाळेच्या दाराशी हापूसच्या दोन पेट्या ठेवलेल्या होत्या. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी त्या पाठवल्या होत्या. बागायतदार माणूस, मनाने मोठा, दारात आलेल्या कुणाला हात हलवत जाऊ द्यायचा नाही. गुणांचा तक्ता तेव्हा टेबलावरच होता, पाकिटात गेला नव्हता. मी नोकरीला नवी होते. पेट्या रिक्षात ठेवायला मीच मदत केली, आणि त्यात काही चुकतंय असं मला त्या क्षणी वाटलंही नाही.

रात्री मात्र त्याच वर्गातली एक मुलगी डोळ्यांसमोर आली. तिची आई बाजारात मासे विकायला बसायची. ती मुलगी दाराबाहेरच्या बाकावर बसून पेट्या रिक्षात चढताना बघत होती. बोलली काहीच नाही. परीक्षकांनी कदाचित अर्ध्या गुणाचाही फरक केला नसेल. मला आजही तसंच वाटतं. पण त्या मुलीला हे कुठून कळणार? तिला जे दिसलं ते आम्ही तिच्या डोळ्यांदेखत केलं होतं.

विद्यापीठातली नीतिमत्ता आणि व्यावसायिक आचरण म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मी त्या बाकापासून सुरुवात करते. नीतिमत्ता म्हटलं की प्रवचन ऐकायची तयारी करून माणसं बसतात, पण इथे अर्थ फार मर्यादित आणि नेमका आहे. विद्यापीठात काही माणसांच्या हाती दुसऱ्यांचं भवितव्य असतं: गुण देणारे, प्रबंध तपासणारे, शोधनिबंधावर नावं घालणारे, आकडे प्रसिद्ध करणारे. समोरच्याला त्यांचं काम तपासून बघता येत नाही, त्याला विश्वास ठेवावाच लागतो. तो विश्वास ठेवायला त्याच्याकडे कारण असावं, एवढ्यासाठी ही सगळी नियमावली आहे.

आपल्या कोकणात यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. "अहो, इथे सगळे ओळखीचे. नियम मुंबईला ठीक आहेत." पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची बरीच महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत, म्हणजे नियम एकच. तरी माणसांना वाटतं की छोट्या गावात त्यांची गरज कमी. माझा अनुभव नेमका उलटा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात संस्थेचे सचिव प्राचार्यांच्या वाडीतले असतात, कारकून कुणाच्या तरी भावकीतला असतो, आणि सर ज्या मुलाचे पेपर तपासतात त्याच्या घरी गणपतीत आरतीला जातात. मोठ्या शहरात परीक्षक आणि विद्यार्थी एकमेकांना ओळखतच नाहीत. तिथे अंतर आपोआप मिळतं. आपल्याकडे ते मुद्दाम राखावं लागतं, आणि ते राखायला नियमाशिवाय दुसरं साधन नाही. "नको, काका" म्हणणं फार कठीण असतं. "काका, नियमात बसत नाही" म्हणता येतं, आणि संध्याकाळी काकांच्या घरी चहालाही जाता येतं.

हितसंबंध सांगून बाजूला होणं

पेट्यांच्या प्रकाराला नियमांच्या भाषेत हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा त्याच्याशी आपलं दुसरंही काही नातं असलं, की निर्णयावर सावली पडते. आपण मनाने स्वच्छ असलो तरी पडते. म्हणून पहिली पायरी म्हणजे ते नातं आधी सांगणं. जवळचा नातेवाईक परीक्षेला बसला असेल तर परीक्षेच्या कामावर असलेल्या माणसाने ते कळवायचं असतं. प्राध्यापक नेमायच्या मुलाखतीत भाचा उमेदवार असेल तर मामाने त्या खुर्चीवर बसायचं नसतं. पीएचडीच्या प्रबंधाला संस्थेबाहेरचे किमान दोन परीक्षक लागतात, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची 2022 च्या विनियमांतली अट त्याच विचारातून आली आहे.

आपलं नातं जाहीर करणारा माणूस गुन्हा कबूल करत नसतो, हे मला सहकाऱ्यांना वारंवार सांगावं लागलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारून काहीजण दुखावतात. विश्वास आहे, पण तो तुमच्यापुरता. बाकावर बसलेल्या मुलीला तुम्ही कोण हे ठाऊक नाही.

आंब्यांबद्दलही स्पष्टच सांगते. आपल्याकडे पाहुणचार हा दिखावा नाही, ती आपली चांगली सवय आहे, आणि ती मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. परीक्षकांना महाविद्यालयाने सगळ्यांसमोर जेवू घालावं, सोलकढी द्यावी, कुणाची हरकत नाही. ज्याचे गुण ठरायचे आहेत त्याच्या घरून काही येऊ नये, एवढंच. निकाल लागल्यावर, पुनर्मूल्यांकनाची मुदतही टळल्यावर आंबे पिकत असतील, तर तेव्हाचं बघता येईल.

शिक्षकांसाठी आयोगाने व्यावसायिक नीतिसंहिताच दिलेली आहे, 2018 च्या पात्रताविषयक विनियमांमध्ये. धर्म, जात, लिंग, राजकीय मत, आर्थिक स्थिती यांवरून विद्यार्थ्यांत भेद करू नये, कामात अडथळा येईल अशा खासगी शिकवण्या घेऊ नयेत, वाङ्मयचौर्याला थारा देऊ नये, असं त्यात लिहिलं आहे. शिकवणीचा मुद्दा आपल्याकडे विशेष लागू पडतो. वर्गात अर्धं शिकवायचं आणि उरलेलं संध्याकाळी पैसे घेऊन, हे ज्या गावात चालतं तिथे शिकवणीला न येणाऱ्या मुलाच्या मनात अंतर्गत गुणांची भीती असतेच.

नाव कुणाचं लागणार?

शोधनिबंधावर कुणाकुणाची नावं यावीत, यावरून जेवढी मनं दुखावलेली मी पाहिली तेवढी पगारावरूनही पाहिली नाहीत. हा प्रश्न समजायला आपल्याला लांब जायला नको. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना बघावी.

होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन्हीकडून ओढू लागतात. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. सहज फिरायला आलेल्या एखाद्याने थोडा वेळ दोराला हात लावला, तरी त्याला चार मासे मिळतात. पण चार मासे मिळाले म्हणून तो रापणीचा भागीदार होत नाही. आणि ज्याने पहाटेपासून छातीभर पाण्यात उभं राहून दोर ओढला, त्याला चार माशांवर घरी पाठवलं तर किनाऱ्यावर भांडण होईल आणि ते रास्तच असेल.

शोधनिबंधातही हेच दोन प्रकार आहेत. लेखक म्हणून नाव, आणि शेवटी ऋणनिर्देश. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपणासाठी चार अटी ठरवल्या आहेत, आणि इतर शाखांतही त्यांचा आधार घेतला जातो. कामाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यांत भरीव वाटा हवा. लेखनात किंवा त्याच्या महत्त्वाच्या दुरुस्तीत भाग हवा. अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि कामाबद्दल उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही अटी पुऱ्या झाल्या तर लेखक. ज्याने नमुने आणून दिले, उपकरण वापरू दिलं, भाषा तपासली, त्याचे आभार मानायचे, तेही नाव घेऊन.

या अटी लावल्या की विभागप्रमुख आहेत म्हणून घातलेलं नाव गळतं. खाडीतल्या चिखलात आठ महिने नमुने गोळा करून पहिला मसुदा लिहिणारी, पण यादीत कुठेच नसलेली विद्यार्थिनी मात्र वर येते. चौथी अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नाव हवं असेल तर जबाबदारीही घ्यायची. आकडे चुकीचे निघाल्यावर "ते मुलांनी केलं होतं" असं म्हणणाऱ्याचं नाव मुळात तिथे असायला नको होतं. माझा सल्ला असा की नावांचा क्रम काम सुरू होतानाच कागदावर लिहून ठेवावा, आणि काम बदललं तर सगळ्यांना बसवून तो बदलावा. रापणीतही वाट्यांचा हिशेब आधीच ठरलेला असतो. मासळी बघून कुणी तो मांडायला बसत नाही.

दुसऱ्याचा माल, आपलं नाव

2018 साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव. बाहेरचा आंबा आणून त्यावर देवगड किंवा रत्नागिरी लिहिलेली पेटी चढवली की आपला जीव तुटतो. योगायोगाने त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्य रोखण्याचे विनियम आणले. त्यातली व्याख्या अशी: दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणं. पेटीवरच्या खोट्या नावाबद्दल आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. प्रबंधाच्या पानावरही तेच घडत असतं.

शिक्षेचे टप्पे साम्याच्या टक्केवारीवर आहेत. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देताच येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पदवी मिळाल्यावर चोरी सिद्ध झाली तर पदवी काही काळ स्थगित ठेवली जाते. शिक्षकाच्या प्रकाशित लेखनात 40 ते 60 टक्के साम्य निघालं तर लेख मागे घ्यावा लागतो, एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवे विद्यार्थी मार्गदर्शनाला घेता येत नाहीत. 60 च्या पुढे दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. अवतरणचिन्हांत स्रोतासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांची कलमं, प्रमाणित समीकरणं हे मोजत नाहीत. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडून दिले जातात.

या आकड्यांचा सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे "दहा टक्के चालतं". मुलं साम्य मोजणाऱ्या यंत्रात प्रबंध घालतात, 23 टक्के आले की शब्द फिरवत बसतात, आणि 9 वर आले की निश्चिंत होतात. यंत्र फक्त जुळणारे शब्द दाखवतं. चोरी शब्दांची असते तशी कल्पनेचीही असते, आणि व्याख्येत कल्पना स्पष्ट लिहिली आहे. इंग्रजी लेखातला उतारा मराठीत आणून स्रोत न देता वापरला, तर यंत्राला सहसा पत्ताही लागत नाही. तरी ती चोरीच आहे. मराठी माध्यमाच्या प्रबंधांत हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मराठी वाक्याची ठेवण इंग्रजी दिसली की मी थांबते. संगणकाकडून परिच्छेद लिहून घेऊन आपले म्हणून देण्याचंही तसंच. टक्केवारी शून्य येऊ शकते, पण काम आपलं असल्याचं विधान खोटं ठरतं.

स्रोत सांगणं ही बाहेरून आलेली कटकट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच मातीतल्या माणसांकडे बघावं. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1893 मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दापोलीच्या शाळेत शिकलेले पांडुरंग वामन काणे 1947 मध्ये त्याच पदावर बसले, आणि 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. काण्यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासावरचा पाच खंडांचा ग्रंथ उघडला की पानापानाच्या तळाशी टिपांची दाटी दिसते. कुठलं वचन कुठून घेतलं, ते वाचकाने स्वतः जाऊन ताडून बघावं यासाठी. तेव्हा ना यंत्र होतं, ना टक्केवारी.

चोरीपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती बनावट आकड्यांची. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये रत्ना आंबा आला, आणि रत्ना-हापूस संकरातून 1992 मध्ये अगदी पातळ कोयीचा सिंधू. शेतकरी शिफारस वाचून कलम लावतो. पहिलं चांगलं पीक यायला काही वर्षं जातात, आणि झाड पुढे अनेक दशकं उभं राहतं. समजा एखाद्या प्रयोगात कुणी चार झाडांचं उत्पन्न मोजलं आणि बाकीच्यांचं अंदाजाने भरलं. वहीतल्या त्या अंदाजाच्या ओळींची किंमत चुकती करणारा माणूस अजून रोपवाटिकेच्या दारातही आलेला नसतो, आणि आपण का बुडालो हे त्याला कधी कळणारही नाही. म्हणून नोंदवही शाईने लिहायची, खाडाखोड वाचता येईल अशी ठेवायची, न आलेला निकालही लिहायचा. विद्यार्थ्यांना हे जाचक वाटतं. मी तरी यात एक पाऊलही मागे घेत नाही.

ज्याच्या हाती सही आहे

मार्गदर्शकाच्या एका सहीवर विद्यार्थ्याची वर्षं अडकलेली असतात. अशा वेळी "जरा गाडी घेऊन ये", "गणपतीचं सामान आणायला चल" ही विनंती राहत नाही, जरी ती हसून केलेली असली तरी. नकार देता येत नसेल तिथे होकाराला अर्थ नसतो. हे एक वाक्य कळलं की लैंगिक छळाबद्दलचे नियमही कळतात.

2013 चा कायदा आणि उच्च शिक्षणसंस्थांसाठीचे 2015 चे विनियम यांनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य संस्थेबाहेरची. विद्यार्थिनीही तक्रार करू शकते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण योग्य असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी 90 दिवसांत पुरी करायची.

आता आपल्या गावांकडे येते. अशी तक्रार आली की संध्याकाळपर्यंत चार मोठी माणसं जमतात आणि "मिटवून टाका" म्हणतात. मुलीचं लग्न व्हायचंय, सरांचा संसार आहे, संस्थेचं नाव आहे. कायद्याने हे दार जवळजवळ बंद केलं आहे. तडजोड होऊ शकते, पण ती तक्रार करणाऱ्या स्त्रीने स्वतः मागितली तरच, चौकशी सुरू होण्यापूर्वी, आणि पैशाच्या आधारावर कधीच नाही. समितीने तडजोड सुचवायची नसते, वडीलधाऱ्यांनी तर नाहीच. तक्रारदार, आरोप असलेली व्यक्ती आणि साक्षीदार यांची नावं बाहेर जाऊ देणंही कायद्याने मना आहे. बातमी शेवटच्या एसटीने वाडीवाडीत पोचते अशा ठिकाणी ही अट पाळणं अवघड आहे, आणि म्हणूनच तिथे ती जास्त पाळायला हवी. समितीतल्या एका सदस्याने घरी जेवताना एक वाक्य बोललं, तरी एक मुलगी शिक्षण सोडू शकते.

रॅगिंगबद्दल थोडक्यात सांगते, कारण कायदा पुरेसा कडक आहे. महाराष्ट्राचा कायदा 1999 चा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. दुर्लक्ष केलं तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं. दापोली, लोणेरे इथल्या वसतिगृहांत विदर्भ-मराठवाड्यातून मुलं येतात. पावसाळ्यात पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या मुलाच्या बोलीची थट्टा करणं हे रॅगिंगमध्ये येतं का, असं मला एकदा विचारलं गेलं. त्या मुलाला त्याचा त्रास होत असेल तर येतं. चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक 1800-180-5522.

गुण, प्रवेश, शुल्क, कागदपत्रं अडवून ठेवणं अशा तक्रारींसाठी 2023 च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल नेमायला सांगितलं आहे. समितीने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर लोकपालाकडे जायचं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, तारीख घाला. तोंडी तक्रार ओळखीत विरून जाते.

लिहून नेलं ते कुठे गेलं?

माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प खाडीतल्या शिंपल्यांवर होता. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी बायका खुबे, मुळे, कालवं काढायला उतरतात. ती त्यांच्याबरोबर चिखलात उतरली, कुठल्या महिन्यात काय मिळतं, कोवळा माल कधी काढायचा नाही, कुठली जागा रिकामी ठेवायची, हे सगळं लिहून घेतलं. प्रकल्प उत्तम झाला. दोन वर्षांनी त्यातली एक बाई मला बाजारात भेटली आणि म्हणाली, "बाय, तुमच्या त्या चेडवान लिवन नेल्यान, ता खंय गेला?"

मला उत्तर देता येईना. संशोधनात माणसांकडून माहिती घेताना जाणती संमती घ्यायची असते. आपण कोण, माहिती कशाला हवी, नाव येणार का, आणि मधेच नको म्हणायची मोकळीक आहे, हे त्यांच्या भाषेत सांगायचं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्यविषयक संशोधनाबद्दल हे तपशिलात सांगतात, आणि समाजशास्त्र असो की मत्स्यशास्त्र, तत्त्व तेच. 2002 च्या जैवविविधता कायद्याने तर स्थानिक पातळीवर जैवविविधता समित्या आणि लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवायला सांगितली आहे. सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या माळरानांवरच्या खडकात कोरलेल्या कातळशिल्पांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. 2022 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, सड्यावर अभ्यासक येतात, आणि ज्या जमीनमालकाने पहिल्यांदा वाट दाखवली त्याचं नाव कित्येकदा कुठेच नसतं. आम्ही त्या बायकांना विचारलं होतं, पण तोंडी, घाईत, आणि परत काही सांगायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

विद्यार्थिनी तोवर नोकरीला लागली होती. मी फोन केल्यावर सुट्टी काढून आली. आम्ही चार पानांचा मराठी गोषवारा केला आणि एका दुपारी त्या बाईंच्या पडवीत पाच जणींसमोर वाचला. तिसऱ्या पानावर एकीने थांबवलं. "खुबे येगळे, मुळे येगळे. तुमी एकात कशे मोजलास?" तक्त्यात खरंच दोन्हींची बेरीज एका रकान्यात पडली होती, आणि तो तक्ता प्रकल्पासोबत विभागाच्या कपाटात दोन वर्षं होता. मुलीने तिथेच पेन काढलं. नवा तक्ता आणि दुरुस्तीचं पत्र त्याच आठवड्यात विभागात गेलं.

पत्रासोबत माहिती देणाऱ्यांची नावं जोडायची होती, म्हणून या वेळी प्रत्येकीला वेगळं विचारलं. चौघी हो म्हणाल्या. पाचवी नको म्हणाली, म्हणून तिचं नाव घातलं नाही.